हिशेब वगळलेला समुद्र

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना गेली काही वर्षे आम्हांला एक प्रश्न हटकून ऐकावा लागतो. लेखकाची दृष्टी, निसर्गचित्रण, विनोद, सांस्कृतिक तुलना असे परीक्षेला हमखास येणारे मुद्दे फळ्यावर लिहून झाले, की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, “सर, पण ह्यांना खर्च किती आला?” वर्ग हसतो. पूर्वी आम्हीही हसत असू आणि ‘हा प्रश्न वाङ्मयबाह्य आहे’ असे सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळत असू. तो वाङ्मयबाह्य नाही. आजच्या मराठी प्रवासवर्णनाला विचारावा असा तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, असे आमचे आता मत झाले आहे. प्रस्तुत लेखाचा प्रपंच त्या मताच्या समर्थनासाठी.

आम्ही दोघे कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. वर्गात बागायतदारांची मुले असतात, तशी खलाशांची आणि तांडेलांचीही असतात. त्यांतल्या एका मुलीला मागे एका दिवाळी अंकातले बेटाचे वर्णन वाचायला दिले होते. तिने ते छान वाचले आणि मान वर करून विचारले, “मॅडम, पण हे तिथे गेले कसे? बोट कुठली?” लेखात बोट नव्हतीच. लेखक विमानातून उतरला होता आणि पुढच्याच परिच्छेदात पांढऱ्या वाळूवर पाय पसरून बसला होता. मधले पाणी कोणत्या ऋतूत, किती पैसे मोजून, कोणाच्या भरवशावर ओलांडले, ह्याबद्दल अवाक्षर नाही. ज्या मुलीच्या घरी पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की उत्पन्न थांबते, तिला बोटीविना समुद्र हा खोटा वाटावा ह्यात नवल ते काय?

हे खोटेपण आम्हांला स्वतःच्या अनुभवाने कळले ते २०२४ साली. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत बेटांच्या प्रवासाला जायचे आम्ही ठरवले आणि प्रथम सगळे करतात तेच केले: एका पर्यटन कंपनीची रंगीत पुस्तिका आणली. चार देश, सात बेटे, नऊ रात्री. दर माणशी १ लाख १० हजार रुपये. वर ‘मध्यमवर्गाला परवडणारी’ असे प्रशस्तिपत्र. देश म्हणजे मलेशिया, थायलंड, सिंगापूर आणि इंडोनेशिया. आम्ही हिशेब मांडायला बसलो तेव्हा लक्षात आले की, ह्यांतला इंडोनेशिया म्हणजे सिंगापूरहून तासाभराच्या बोटीने गाठायचे बाताम नावाचे बेट. सकाळी जायचे, दुपारचे जेवण घ्यायचे, संध्याकाळी परत. त्या एका जेवणासाठी इंडोनेशियाच्या व्हिसाचे पाच लाख रुपिया, म्हणजे आपले अडीच हजारांहून अधिक रुपये. शिवाय सिंगापूरचा व्हिसा आधी काढायचा आणि तोही एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा हवा, नाहीतर दुपारच्या जेवणानंतर परत येण्याची पंचाईत. नऊ रात्रींत चार देशांचे म्हणजे पासपोर्ट तपासण्याच्या आठ-दहा रांगा. एवढा खटाटोप कशासाठी? परतल्यावर ‘चार देश झाले’ असे म्हणता यावे म्हणून. देश ‘होणे’ हा वाक्प्रयोग आपल्या भाषेत कधी रुळला कोण जाणे. पूर्वी बारा ज्योतिर्लिंगे ‘होत’ असत, आणि त्यांना निदान श्रद्धेचे अधिष्ठान तरी होते.

आमचा पहिला आक्षेप इथे आहे. स्वस्त प्रवासाच्या नावाखाली जे विकले जाते ते स्वस्त नसते; खर्चाचे तुकडे करून ते दृष्टीआड केलेले असतात. आणि दुर्दैवाची गोष्ट अशी की, आपले प्रवासवर्णन ह्या लपवाछपवीला साहित्यिक प्रतिष्ठा देते. पैशाचा उल्लेख असंस्कृत, वेळापत्रकाचा उल्लेख रुक्ष, व्हिसाचा उल्लेख क्षुद्र. उरते काय? सूर्यास्त.

मराठीत हे पहिल्यापासून असे नव्हते. विष्णुभट गोडसे वरसईहून १८५७ साली निघाले ते देश बघायला नव्हे. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात मोठी दक्षिणा मिळेल अशी वार्ता होती. ‘माझा प्रवास’ हे चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेले पुस्तक आज सत्तावनच्या बंडाचा डोळ्यांदेखतचा वृत्तांत म्हणून वाचले जाते, आणि ते तसे आहेच. परंतु त्याचा कणा आहे तो एका गरीब भिक्षुकाच्या मिळकतीचा आणि लुटीचा. दक्षिणा मिळते, जपून ठेवली जाते, लुटली जाते, पुन्हा मिळवावी लागते. शेवटी गंगेची कावड घेऊन माणूस घरी येतो. झाशीची लूट आपल्याला भिडते त्याचे एक कारण असे की, लुटल्या गेलेल्यांत सांगणारा स्वतः आहे आणि त्याच्या गाठीला काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. हिशेब काढून टाका, त्या पुस्तकाचा प्राण जाईल. पुढे प्रवास हौसेचा झाला आणि हिशेबाची लाज वाटू लागली. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पूर्वरंग’ने (१९६३) मराठी वाचकाला पूर्वेकडच्या देशांची गोडी लावली, हे ऋण आम्ही मान्य करतो. पण त्यांच्यानंतर त्यांचा विनोद उसना घेऊन जे लिहिले गेले, त्यांत माणसांबद्दलचे कुतूहल आटत गेले आणि हॉटेलांच्या न्याहारीची वर्णने लांबत गेली.

असो. पुस्तिका बाजूला ठेवून आम्ही दोनशे पानी वही घेतली. बेटांच्या प्रवासात पैशाच्याही आधी वाऱ्याचा हिशेब मांडावा लागतो, हा पहिला धडा. आपल्याकडे पावसाळ्यात गेटवेहून सुटणाऱ्या बहुतेक बोटी बंद राहतात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याखेरीज दर्यावर जायचे नाही असा रिवाज आहे. तोच नैर्ऋत्य मोसमी वारा पुढे अंदमानच्या समुद्रातल्या बेटांनाही गाठतो. मलेशियाच्या लांगकावीहून थायलंडच्या को लिपे ह्या बेटावर जाणारी बोट साधारणपणे मे महिन्यानंतर थांबते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा सुरू होते. मलाय द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर ह्याच्या नेमके उलटे: पेरहेंतिअन, तिओमान ह्या बेटांवर ईशान्य मोसमी वाऱ्याचा मारा असतो, त्यामुळे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिथले व्यवहार जवळजवळ मिटतात. म्हणजे शिक्षकाने दिवाळीत पश्चिमेची बेटे धरावीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्वेची. एवढी साधी गोष्ट त्या रंगीत पुस्तिकेत कुठेही नव्हती. तिच्यातल्या समुद्राला ऋतूच नव्हते.

दुसरा हिशेब वाटेचा. बेटांमागून बेटे विमानाने गाठली तर प्रत्येक वेळी मुख्य भूमीवर परतावे लागते आणि पैसा तिथेच जिरतो. आम्ही एक वर्तुळ काढले. मुंबईहून क्वालालंपूर, जाणे-येणे एकच तिकीट. तिथून आगगाडीने उत्तरेला अराऊ, अराऊहून क्वाला पर्लिसचे बंदर, सव्वा तासाच्या बोटीने लांगकावी. लांगकावीहून दीड तासाच्या बोटीने लिपे. सरहद्द ओलांडायची ती पाण्यातच. लिपेहून थायलंडच्या मुख्य भूमीवरचे पाक बारा, व्हॅनने हात याय, तिथून पादांग बेसार. ह्या स्थानकात एकाच छपराखाली थायलंड तुम्हांला निरोप देतो आणि मलेशिया आत घेतो. मग पुन्हा आगगाडीने क्वालालंपूर. देश दोनच, बेटे दोनच. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून आणि थायलंडने त्याच सुमारास भारतीयांना व्हिसा माफ केला होता, म्हणून तो खर्च शून्य. (अशा सवलती येतात आणि जातात, निघण्याआधी त्या त्या सरकारची सूचना पाहावी. ऑनलाइन भरायचा आगमनाचा अर्ज मलेशियाला तेव्हाही लागत होता, थायलंडने तो १ मे २०२५ पासून सक्तीचा केला.)

तिसरा हिशेब आम्हांला त्या मुलीच्या वडिलांनी शिकवला. ते तांडेल आहेत. आमचा आराखडा त्यांनी शांतपणे ऐकला आणि म्हणाले, “सर, सगळं बरोबर आहे. पण दर्यावर जायचं तर एक दिवस हातचा ठेवा.” हातचा! बेरजेत आपण तो पुढच्या घरात नेतो. सुट्टीचा एक पुरा दिवस असा रिकामा ठेवायला जिवावर आले, कारण अकरा दिवसांची प्रत्येक रात्र आम्ही मोजून मापून बसवली होती. तरी ठेवला. लांगकावीच्या धक्क्यावर पहाटे जाऊन उभे राहिलो तर समुद्र खवळलेला. बोट जाणार नाही, उद्या या. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका कुटुंबाचे परतीचे विमान इतके जवळचे होते की, त्यांचे लिपे तिथेच संपले. आम्ही एक रात्र जादा राहिलो, वहीत रकाना भरला, दुसऱ्या दिवशी गेलो.

ह्या जागी थोडे थांबले पाहिजे. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ पर्यटकांची ‘फीनिक्स’ नावाची बोट वादळात बुडून ४७ जण मृत्यू पावले. तो नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा ऐन हंगाम होता. त्या हंगामात खोल्या स्वस्त असतात आणि सहली चालूच असतात. स्वस्ताईचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानी ठेवावे की, काटकसरीचेही एक व्याकरण आहे. देशांची संख्या कमी करावी, विमाने कमी करावीत, खोली साधी घ्यावी, बाजारातल्या ठेल्यावर जेवावे. परंतु हातचा दिवस, जीवरक्षक जाकीट आणि बोट चालवणाऱ्याचा ‘आज नको’ हा शब्द, ह्या तीन गोष्टींत घासाघीस करू नये.

आता लिपे. लांगकावीत घड्याळ एक तास पुढे असते, लिपेला ते मागे करावे लागते. आम्ही गेलो तेव्हा मोठी बोट किनाऱ्याला लागत नव्हती. पाण्यावर तरंगणाऱ्या फलाटावर उतरून लांब दांड्याच्या इंजिनाच्या होडीत बसायचे आणि वाळूवर उतरून रांगेत उभे राहायचे. ही होडी चालवणारे बहुतेकदा उराक लावोई समाजाचे. ह्या नावाचा अर्थच ‘समुद्राची माणसे’. त्यांची भाषा मलायशी नाते सांगणारी, थाईशी नव्हे. १९०९ साली ब्रिटिश आणि सयाम ह्यांच्यात करार होऊन केदा, पर्लिस वगैरे मुलुख ब्रिटिशांकडे गेला, सातून सयामकडे राहिला. लिपेजवळून जाणारी सरहद्द ती हीच. त्या काळी ह्या बेटांवर आपला हक्क दिसावा म्हणून सयामच्या अधिकाऱ्यांनी उराक लावोई कुटुंबांना लिपेवर वसण्यास उत्तेजन दिले, असे सांगितले जाते. ज्यांच्या वस्तीच्या पुराव्यावर राज्याने बेट आपले म्हटले, त्यांच्याच वंशजांना आज जमिनीच्या कागदांसाठी झगडावे लागते. २०२२ च्या डिसेंबरात खासगी मालकी सांगून तिथल्या शाळेची वाट अडवली गेली, तेव्हा त्यांना आपले गाऱ्हाणे बँकॉकपर्यंत न्यावे लागले. त्या वाटेच्या आसपास कुठेतरी आमची ‘स्वस्त आणि मस्त’ खोली होती. किनारी गावात राहणाऱ्या आम्हांला, समुद्राकडे जाणारी वहिवाटीची पाखाडी कुंपणात जाणे म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगायला नको होते.

आणि इथेच आमच्या वहीतली ती नोंद आहे, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. आदांग बेटाच्या आसपास प्रवाळ पाहण्यासाठी आम्ही एक होडी ठरवली. होडीवाल्याने दर सांगितला. आम्ही, मराठी मध्यमवर्गाच्या जन्मजात कौशल्याने, तो ३०० बाटने खाली आणला. म्हणजे आपले साधारण साडेसातशे रुपये. तो काही बोलला नाही, दिवसभर त्याने नीट फिरवले. संध्याकाळी वहीत लिहिले: ‘होडी. बचत ३०० बाट.’ चार दिवसांनी परतीच्या विमानतळावर सामान थोडे जड भरले, आणि विमान कंपनीच्या खिडकीवर आम्ही ४,२०० रुपये निमूटपणे, कार्ड पुढे करून भरले. तीही नोंद झाली. घरी येऊन बेरीज करताना दोन्ही नोंदी डोळ्यांसमोर आल्या आणि आम्ही दोघेही गप्प झालो. जिथे माणूस समोर उभा होता तिथे आम्ही घासाघीस केली. जिथे यंत्र होते तिथे केली नाही, कारण यंत्र ऐकत नाही. वही नसती तर? तर लेख लिहिला असता, आणि त्यात होडीवाला ‘सदा हसतमुख’ असता.

प्रवासवर्णनातून हिशेब वगळला की केवळ पैसा वगळला जात नाही. ज्याच्याशी तो पैशाचा व्यवहार झाला तो माणूस वगळला जातो, आणि आपण त्याच्याशी कसे वागलो तेही. आमच्या साऱ्या प्रतिपादनाचे सार एवढेच.

आक्षेप येतील, आणि काही रास्त आहेत. पहिला असा की, सहल कंपन्यांमुळेच एकट्या बायका, वयस्क माणसे, इंग्रजी न येणारी माणसे घराबाहेर पडली. मान्य. आमच्याच घरातल्या थोरांनी जग पाहिले ते अशा सहलींतून. आमचे भांडण सोयीशी नाही. पुस्तिकेतला देशांचा आकडा हेच प्रवासाचे माप मानण्याशी आहे. त्याच दिवसांत दोनच बेटे दाखवणारी सहल निघू शकते. आपण मागत नाही म्हणून निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. स्वस्त प्रवाशांच्या झुंडींनीच बेटे नासवली, मग त्यांचे गोडवे कशाला? थायलंडला माया बे हा किनारा २०१८ च्या जूनपासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत बंद ठेवावा लागला. फिलिपिन्सने बोराकाय हे अख्खे बेट २०१८ मध्ये सहा महिने बंद ठेवले. ही उदाहरणे आम्हांलाही टोचतात. परंतु माया बेचे प्रवाळ मोडले ते मुख्यतः दिवसभरात येऊन छायाचित्र काढून जाणाऱ्या बोटींच्या गर्दीने. बेटावर चार रात्री राहणाऱ्याचा भार नसतो असे नाही. पण सात बेटे नऊ रात्रींत करणारा तोच भार सात ठिकाणी टाकतो आणि कोणाही एकाच्या घरी जेवत नाही. आमच्या वहीत अभयारण्याच्या प्रवेशाचे माणशी २०० बाट आहेत, आणि आम्हांला वाटते की, सगळ्या प्रवासात तेवढेच पैसे कमी पडले.

तिसरा आक्षेप आमच्याच खोलीतून आला. आमचा एक तरुण सहकारी तासिका तत्त्वावर शिकवतो. तो म्हणाला, “तुमचं ‘स्वस्त’ म्हणजे नक्की किती, ते तरी सांगा.” सांगतो. दोघांचे, अकरा दिवसांचे: विमान ४६ हजार, आगगाडी, बोटी व व्हॅन २१ हजार, मुक्काम २५ हजार, जेवण १७ हजार, इतर ११ हजार, ज्यांत ते ४,२००ही आले. एकूण १ लाख २० हजार रुपये. पुस्तिकेच्या जवळजवळ निम्मे. आणि त्या सहकाऱ्याच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतके. तो आकडा ऐकून हसला नाही. आम्हीही त्याला ‘मनात आणलेस तर जमेल’ असले काही सांगितले नाही. प्रवास करायला पैसा लागत नाही, फक्त इच्छा लागते, हे वाक्य आम्ही आमच्यापुरते कायमचे खोडले आहे. ते वाक्य नेहमी पगार वेळेवर होणारी माणसेच लिहितात.

शेवटी एक गोष्ट, जी आम्हांला मराठीच्या शिक्षकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. लिपेच्या पूर्वेला तारुताओ नावाचे मोठे बेट आहे. आज ते राष्ट्रीय उद्यान आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तिथे थायलंडचे काळे पाणी होते. तिथे पाठवलेल्या राजबंद्यांत सो सेठपुत्र हा कोशकार होता. इंग्रजी-थाई शब्दकोशाचे प्रचंड काम त्याने बंदिवासातच चालवले. युद्धकाळात रसद तुटली आणि उपासमारीने गांजलेले पहारेकरी आणि कैदी मिळून चाचेगिरी करू लागले. ह्याच अंदमान समुद्राच्या पलीकडच्या काठावर सेल्युलर जेल आहे, आणि ‘माझी जन्मठेप’ आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचतो आहोत. समुद्र एक, दोन किनाऱ्यांवर दोन तुरुंग, दोन्हीकडे लिहिणारी माणसे. आणि पोर्ट ब्लेअरहून, २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमहून, त्या बेटांकडे जाणारी प्रवासी बोट नाही. तारुताओला उतरायला आमच्या वर्तुळात दिवस उरला नाही. ते आम्ही लांबून, पाक बाराच्या बोटीतून पाहिले, आणि पाहिले नाही असेच वहीत लिहिले.

यंदा द्वितीय वर्षाच्या वर्गाला आम्ही प्रवासवर्णन लिहायला सांगितले, ते एका अटीवर: शेवटी हिशेब जोडायचा. खर्च, तिकीट, वेळ, आणि कोणाला किती दिले. तांडेलाच्या मुलीने दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर दोन पाने लिहिली. तीत सूर्यास्त नव्हता. तिकिटाचे पैसे होते, भरतीची वेळ होती, आणि आजोळी पोचल्यावर आजीने परतीच्या भाड्यासाठी हातात कोंबलेली नोट होती. खर्चाचा प्रश्न विचारणारा मागच्या बाकावरचा मुलगा ते ऐकताना हसला नाही, वर्गही हसला नाही.